आईच्या वजनाचं पोतं

गेल्या वर्षी आश्विन पौर्णिमेच्या आदल्या सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर आई माझ्या हातांतून खाली आली. पडली असं म्हणता येणार नाही. माझे दोन्ही हात तिच्या काखेत होते. तिला चाकाच्या खुर्चीवरून उठवून उंबऱ्यापलीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं होतं. मध्येच माझे गुडघे वाकले आणि परत सरळ झाले नाहीत. आम्ही दोघी एकदमच, पण हळूहळू, ओल्या फरशीवर बसलो. तिला खरचटलंही नाही.

वहिनीला वजन उचलायची मनाई होती. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तिने भावाला हाक मारली. भाऊ आला, त्याने आईला उचललं आणि पलंगावर ठेवलं. आई त्या वेळी परकरावर होती. तिने उजव्या हाताने टॉवेल तोंडावर ओढून घेतला आणि भाऊ खोलीबाहेर जाईपर्यंत काढला नाही.  संध्याकाळी म्हणाली, "उद्यापासून मला हितंच पुसून घ्या. न्हाणी बास झाली."

हे वाक्य तिच्या तोंडून येणं साधं नव्हतं. आई जिल्हा परिषदेची शिक्षिका होती. शेवटची काही वर्षं तिने हसनाबादला काढली. अंघोळ न करता आलेल्या पोरांना ती प्रार्थनेआधी हापशावर पाठवायची. आदल्या उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. दवाखान्यातून घरी आणल्यावर वहिनीने कोमट पाण्यात फडकं बुडवलं, तेव्हा आईने तिचा हात धरला आणि विचारलं, "पुसायला मी काय कपाट हाय?" त्या दिवसापासून रोज सकाळी तिला न्हाणीत न्यायचं ठरलं. मुलाच्या हातून अंघोळ तिला मान्य नव्हती. कामाला ठेवलेल्या बाईला तिने आठवडाभरात परत पाठवलं. राहिले मी.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. एका दैनिकाच्या जालन्यातल्या कार्यालयात उपसंपादक होते, आजही आहे. काम दुपारनंतरचं आणि बसून. चहा येतो, चहाबरोबर भजी येतात, अंकाचं पान लागेपर्यंत फरसाण संपतं. आषाढात माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं. गुडघे दुखत होते आणि रक्तातली साखर काठावर होती. डॉक्टर म्हणाले की वजन कमी करा, नाहीतर दोन वर्षांत तुम्हालाच कोणीतरी धरून उठवावं लागेल. आईला उचलणारी मी एकटी होते. त्यामुळे सल्ला ताबडतोब अमलात आला.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आमच्या वस्तीतल्या विहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन अष्टम्या या दिवशी काही उपासिका अष्टशील घेतात. पांढरी साडी नेसतात आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवत नाहीत. आमच्या घरी या तीन महिन्यांत मटण, मासे, अंडी चुलीवर चढत नाहीत. मी महिन्यातल्या चार दिवसांचा नियम रोजचा केला. विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासिकेने सांगितलं की चार दिवस पुरे असतात, रोजचं भिक्खूंसाठी आहे. ते ऐकून घेतलं. सकाळी मोती तलावाच्या काठाने भरभर चालायचं, बाराच्या आत भाकरी, पिठलं आणि ठेचा खायचा, मग कार्यालयात फक्त कोरा चहा. काटा दर आठवड्याला खाली जात होता.

विहारात कौतुक झालं. कोणी म्हणालं चेहरा उतरला, पण बारीक झाली. कोणी वहिनीला विचारलं की तुमच्या ननंदबाई काय खाऊन राह्यल्या. वहिनी म्हणाली, "खाऊन न्हाई, न खाऊन राह्यल्या." आश्विनात काट्यावर सदुसष्ट दिसत होते. गुडघ्यांचं दुखणं बरंच कमी झालं होतं. फक्त सकाळी आईला उठवताना श्वास लागत होता, आणि पूर्वी एका दमात होणारं काम दोन दमांत होऊ लागलं होतं. मी त्याचं कारण आईच्या वजनात शोधत होते. तिचं वजन वाढलं असावं, असा माझा अंदाज होता. तो तपासलेला नव्हता.

पौर्णिमेला विहारात वर्षावासाच्या समारोपाचं खीरदान झालं. मी गेले नाही.

त्याच आठवड्यात आईला व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्ट घरी आली. ती भोकरदनकडची, पंचविशीतली मुलगी. आठवड्यातून एकदा यायची, आईला आजी म्हणायची आणि मला मॅडम. न्हाणीतला प्रसंग वहिनीने तिला सांगितला. तिने आईकडे पाहायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. पहिल्या खेपेला मी उठले. पुढच्या काही खेपांनंतर मांड्या थरथरायला लागल्या आणि मी टेबल धरलं. तिने माझा दंड चिमटीत धरला, पोटाभोवती टेप लावला. पोट फारसं कमी झालेलं नव्हतं. दंड आणि मांड्या गेल्या होत्या.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. काटा एकच आकडा दाखवतो. त्यातली चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले, हे तो सांगत नाही. अन्न फार कमी पडलं, त्यात डाळी-अंडी नावाला, आणि स्नायूंना जोराचं काम दिलं नाही, तर शरीर स्नायूही मोडून खातं. पंचेचाळिशीनंतर जास्तच. चालणं चांगलं, पण चालण्याने उचलण्याची ताकद राहत नाही. आजींचं वजन चोपन्न किलो आहे, दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा तेवढंच होतं आणि मागच्या महिन्यात केलं तेव्हाही तेवढंच. म्हणजे आजी जड झाल्या नव्हत्या.

मी विचारलं की पुन्हा वजन वाढवायचं का. ती म्हणाली, "वाढवायचं नाही मॅडम. पोट कमीच करायचंय. पण आता सावकाश, आणि स्नायू हातात धरून."

आई पलंगावरून हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "ही मला परत उचलू शकंल का न्हाई, ते सांग."

फिजिओथेरपिस्ट म्हणाली की नक्की उचलतील, आणि पूर्ण वजन उचलायची गरजही नाही. उजवा पाय चांगला आहे, त्यावर आजींनी अर्धा भार घ्यायचा. काखेत हात घालायचा नाही, कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा.

आईला हे अर्ध्याचं गणित पटलं नाही. ती मला म्हणाली, "बाई, माझ्या वजनाचं पोतं उचलून दाखव. पुरं चोपन किलो. मंग मला हात लाव. तवर न्हाई."

तोपर्यंत तिला पलंगावरच पुसून घेणं भाग होतं. वहिनी आणि मी ते करत होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

पोतं वहिनीनेच दिलं. ज्वारीचा बारदाना रिकामा होता. त्यात तिने पायलीने मोजून ज्वारी भरली, सुरुवातीला पंधरा-सोळा किलो. तोंड सुतळीने आवळलं आणि वर धरायला दोन कान ठेवले. पोतं आईच्या पलंगासमोर ठेवायचं, अशी आईची अट होती. सकाळी पोतं जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायचं आणि ठेवायचं, खुर्चीवरून उठबस करायची, पाण्याचे कॅन दोन हातांत धरून अंगणात फेऱ्या मारायच्या, भिंतीला हात लावून जोर काढायचे. हे एक दिवसाआड. मधल्या दिवशी नुसतं चालणं. जमू लागलं की पोत्यात थोडी ज्वारी वाढवायची.

आईने शाळेत कवायतीचा तासही घेतलेला होता. दुसऱ्याच आठवड्यात तिने सूत्रं हाती घेतली. पाठ सरळ. गुडघे वाकव, कंबर नको. पोतं पायाजवळ घे, लांब काय धरतीस. एकदा ज्वारी वाढवल्यावर मी पोतं ठेवताना सोडून दिलं, ते धप्प झालं. आई म्हणाली, "आपटायचं न्हाई. मला आपटणार का अशी?" मी परत उचललं आणि हळू ठेवलं. तिने मान हलवली.

त्यात फिजिओथेरपिस्टने आईलाही ओढलं. लेक पोतं उचलते तोवर आजींनी पलंगाच्या कडेला बसून उजव्या पायावर जोर द्यायचा, मग डावा पाय रेटायचा. आईला वर्गासमोर रिकामं बसणं पसंत नव्हतं, त्यामुळे तिने तक्रार न करता ते सुरू केलं.

जेवणाची घडी बदलली. भाकरी बंद केली नाही, अर्धी केली. ताटात आधी काय येईल ते ठरलं. सकाळी अंडी, दुपारी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि दही, रात्री सोयाबीनच्या वड्या किंवा पनीर, रविवारी कोंबडी. कार्यालयातली भजी आणि फरसाण बंदच राहिलं. भुकेने झोप लागत नाही इतकं कमी खायचं नाही, हा फिजिओथेरपिस्टचा नियम होता, आणि झोप पुरी करायची, हा दुसरा. रात्रीची पानं लावून घरी आल्यावर सकाळी उठायची घाई मी सोडली. आईच्या ताटातही तेच वाढलं जाऊ लागलं. ती पहिले दोन दिवस नाही म्हणाली. नंतर वहिनीने वड्यांत गोडा मसाला आणि खोबरं वाटून घातलं, तेव्हा तिने आणखी मागितल्या.

भावाची तक्रार राहिली. त्याने तिसऱ्या आठवड्यात वाटीतली वडी चमच्याने दाबून पाहिली आणि विचारलं की हे रबर अजून किती दिवस चालणार. वहिनी म्हणाली, "ताईनं पोतं उचलंपर्यंत. तुमाला जल्दी असंल तर तुमी उचला."

पहिल्या महिन्यात काटा खाली गेला नाही. उलट एक किलो वर गेला. भावाने ते पाहिलं आणि म्हणाला, "ताई, एवढं अंडं-कोंबडी खाऊन उलटं वाढलं की. मोंढ्यात हमालीला तरी जा, खर्चा निघंल." मी काहीशी साशंक झाले. फिजिओथेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली की काटा महिनाभर कपाटावर ठेवा आणि कपड्यांकडे बघा.

कपड्यांचं काम वहिनीकडेच होतं. घरात तिचं शिलाई मशीन आहे. हिवाळा सरत आला तेव्हा ब्लाऊजच्या बाह्या मला दंडात आवळू लागल्या आणि सलवारीची नाडी पूर्वीपेक्षा बरीच जास्त ओढावी लागत होती. वहिनीने बाह्यांची शिवण उसवून मोकळी केली आणि कमरेला चुण्या घातल्या. ती म्हणाली की इतक्या वर्षांत वरून घट्ट आणि खालून सैल करून घेणाऱ्या बायका तिच्याकडे पुष्कळ आल्या, वरून सैल आणि खालून घट्ट करून घेणारी मीच पहिली. त्यानंतर काट्यावर उभी राहिले. सहासष्ट होतं. पुढे ते सावकाश चौसष्टपर्यंत उतरलं.

पोतं मधल्या काळात एकदा बदललं. पहिलं खाली फाटलं आणि ज्वारी पलंगाखाली गेली. वहिनी झाडू घेऊन बसली, आई वरून कुठं कुठं दाणे राहिले ते दाखवत होती. दुसरं पोतं दुहेरी होतं.

माघात, पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी परीक्षा झाली. भावाने मोंढ्यात धान्याची आडत असलेल्या मित्राकडून लटकता काटा आणला होता. दाराच्या वरच्या कडीला काटा अडकवला, त्याला पोतं टांगलं. वहिनी ओंजळीने ज्वारी घालत राहिली, आईने पलंगावरून काटा दिसत नाही म्हणून भावाला मोठ्याने वाचायला लावलं. चोपन्न झाल्यावर सुतळी बांधली. पोतं जमिनीवर ठेवलं. फिजिओथेरपिस्ट त्या दिवशी मुद्दाम आली होती. तिने पुन्हा सांगितलं की एवढ्याची गरज नाही, आणि पाठीत जराही कळ आली तर सोडायचं. आई म्हणाली, "सोडायचं न्हाई, ठिवायचं."

मी पाय रुंद ठेवले, पोतं नडग्यांजवळ ओढलं, कान धरले. पहिल्या ओढीला ते हललं आणि परत बसलं.  दुसऱ्या ओढीला ते सुटलं, गुडघ्यांवरून वर आलं, कमरेला लागलं. मी तशीच उभी राहिले. मग दोन पावलं पुढे जाऊन ते आईच्या पलंगावर, तिच्या पायाशी, आवाज न करता ठेवलं.

आईने उजवा हात लांब करून पोत्याला लावला. थोडं दाबून पाहिलं. म्हणाली, "बराबर हाय."

भाऊ म्हणाला की आता हे खाली कोण उतरवणार. मीच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. न्हाणीचा उंबरा भावाने कार्तिकातच फोडून तिथे सिमेंटचा उतार करून घेतला होता. तोवर त्याचा उपयोग झाला नव्हता. आईने उजवा पाय जमिनीवर टेकला, मी पट्टा धरला, माझा गुडघा तिच्या डाव्या गुडघ्याला लावला. मी तीनपर्यंत मोजणार होते. ती दोनलाच उठली. तिचा बराचसा भार तिच्याच पायावर होता. माझ्याकडे अपेक्षेपेक्षा फार कमी आलं. आम्ही अर्धवर्तुळात वळलो आणि ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी धापा टाकत नव्हते.

तिने आधी न्हाणीची भिंत नीट पाहिली आणि कोपऱ्यात शेवाळ आल्याचं सांगितलं. मग वहिनीने पाणी दिलं. साबण दोनदा लावून घेतला. मधेच तिने डोळे मिटले आणि पाणी ओतत राहायला सांगितलं. एक बादली संपली, दुसरी आणली. भाऊ बाहेरून म्हणाला की टाकी संपेल. आई आतून म्हणाली, "संपू दे."

पुढच्या आठवड्यात तिला दवाखान्यात तपासणीला नेलं. तिथे खुर्चीसकट वजन करायचा काटा आहे. तिचं वजन छप्पन्न भरलं. चार महिने माझ्याच ताटातलं जेवण आणि पायांवरचा जोर, यातून ते वाढलं होतं, असं फिजिओथेरपिस्टचं मत पडलं. डाव्या मांडीत थोडी भर दिसत होती. मी आईला आकडा सांगितला. ती हिशेब करून म्हणाली, "मंग तुजा पेपर सोपा निघाला की." घरी आल्यावर तिने वहिनीला पोत्यात दोन किलो टाकायला लावले.

माझ्या रक्तातली साखर फाल्गुनात तपासली. ती काठाच्या आत आली आहे. गुडघे जिना उतरताना अधूनमधून बोलतात, चढताना नाही. वजन चौसष्ट-पासष्टच्या आसपास थांबलं आहे आणि ते आणखी कमी करायची घाई कोणी केलेली नाही. पोतं आईच्या खोलीतच आहे. यंदाच्या वर्षावासात मी चार दिवसांचं अष्टशील घेणार आहे, आणि अंड्यांच्या जागी ताटात काय वाढायचं ते वहिनीशी बोलून झालं आहे. विहारातल्या बायका आता मला बारीक झाली म्हणत नाहीत. एकीने मला सतरंज्यांचा गठ्ठा वरच्या माळ्यावर ठेवायला सांगितला आणि मी तो ठेवला.

आईला आता उठवताना पट्टा लागतो, पण ओढावा लागत नाही. तो नुसता हातात धरून ठेवायचा. न्हाणीच्या भिंतीला नंतर लावलेली लोखंडी दांडी ती उजव्या हाताने धरते आणि खुर्चीवर स्वतः बसते. केस मी धुते, बाकी तिचं ती करते.

या सोमवारी तिने मला आणि वहिनीला दोघींनाही न्हाणीच्या दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. दार ओढून घ्यायला लावलं, कडी मात्र लावू दिली नाही. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. अंघोळीला बराच वेळ लागला. घरात न्हाणी एकच आहे. भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या मागे उभा होता. त्या दिवशी तो कचेरीत उशिरा पोहोचला.